आमवाताच्या रुग्णांचा स्वमदत गट : एका सदस्याचा सविस्तर अभिप्राय

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस अर्थात आमवात असलेल्या रुग्णांनी रुग्णांसाठी चालवलेल्या एका स्वमदत गटाची मी बऱ्याच काळापासून सदस्य आहे. या गटाची सेवा तीन प्रकारची आहे : महिन्यातून एकदा होणारी बैठक, नव्या रुग्णाला जोडून दिला जाणारा फोनवरचा सोबती आणि अधूनमधून घरच्यांसाठी ठेवलेले वेगळे सत्र. औषधांविषयी आणि उपकरणांविषयी अभिप्राय पुष्कळ वाचायला मिळतात; अशा गटांविषयी मात्र ‘आधार वाटतो’ यापलीकडे फारसे कोणी लिहीत नाही. नुकतेच निदान झालेल्या आणि गटात जावे की नाही या विचारात असलेल्या माणसाला तेवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 साली जगभरात सुमारे 1 कोटी 80 लाख लोकांना हा आजार होता आणि त्यांत जवळजवळ 70 टक्के स्त्रिया होत्या. आकडा एवढा मोठा असला तरी बहुतेक रुग्ण आपल्या घरात, आपल्या कामाच्या ठिकाणी एकटेच असतात. वयानुसार सांधे झिजण्याचा संधिवात सर्वांच्या ओळखीचा असल्यामुळे ‘गुडघे आमचेही दुखतात’ हे वाक्य प्रत्येकाला ऐकावे लागते. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, त्यातून सूज येते, वेळीच आवर घातला नाही तर हाड आणि कूर्चा कुरतडली जाते आणि याच दाहामुळे झोपूनही न जाणारा थकवा येतो, हे समोरच्याला दर वेळी पहिल्यापासून समजावून सांगावे लागते. डॉक्टरांकडे ते सांगावे लागत नाही. पण तिथला वेळ 28 सांधे दाबून पाहणे, ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांचे अहवाल वाचणे आणि औषधाची मात्रा ठरवणे यांतच संपतो. तो तसाच खर्च व्हायला हवा, असे माझे मत आहे. प्रश्न त्यानंतर उरलेल्या आयुष्याचा असतो आणि गटाचे काम तिथे सुरू होते.

बैठकीची पद्धत साधी आहे. गोलात बसून प्रत्येकाने आधी आपला गेला महिना थोडक्यात सांगायचा, नंतर ठरलेल्या एका विषयावर बोलायचे. पहिल्या फेरीत ‘कशा आहात?’ असे कोणी विचारत नाही. ‘सकाळी हात उघडायला किती वेळ लागतो आहे?’ असे विचारतात. या एका प्रश्नाने जेवढा मोकळेपणा येतो, तेवढा सांत्वनाच्या बोलण्याने येत नाही, कारण सकाळचा आखडलेपणा तासाभराहून अधिक टिकतो आहे की पंधरा मिनिटांत जातो आहे यावरून आजार शांत आहे की उसळला आहे, हे तिथल्या प्रत्येकाला कळते. आपले दुखणे खरे आहे हे कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. बोटे सुजलेली नसतानाही आज काही जमले नाही, हे तिथे उच्चारता येते आणि त्यावर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. माझ्या दृष्टीने गटाची निम्मी किंमत एवढ्यातच वसूल होते.

उरलेली निम्मी किंमत व्यवहारातल्या बारीकसारीक ज्ञानाची आहे. जड भांडे बोटांच्या चिमटीत न धरता दोन्ही तळव्यांवर आणि कोपरापर्यंतच्या हातावर तोलावे. फिरवायच्या नळाऐवजी दांडीचा नळ बसवून घ्यावा. पेन, चमचा, कंगवा यांच्या मुठीवर जाड रबरी किंवा फोमची नळी चढवावी, म्हणजे मूठ घट्ट आवळावी लागत नाही. पिशवी बोटांत लटकवण्याऐवजी खांद्यावर घ्यावी. कष्टाची दोन कामे एकाच दिवशी काढू नयेत. यांतले बरेचसे व्यवसायोपचार तज्ज्ञही (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) शिकवतात. पण मनगटाचा आधारपट्टा कोणत्या कामाला लावला तर उपयोग होतो आणि कोणत्या कामात तो उलट अडचण करतो, मेथोट्रेक्झेट हे आमवाताचे औषध घेतल्यानंतरच्या दिवशीची मळमळ गृहीत धरून आठवड्याची आखणी कशी करावी, वरिष्ठांना आजाराविषयी किती आणि कसे सांगावे, यांची उत्तरे रोज त्यातून जाणाऱ्याकडेच असतात. एका ताईंनी वरिष्ठांशी बोलताना वापरायची तीन-चार वाक्ये सर्वांना लिहून दिली होती. त्यांत आजाराचे वर्णन जेमतेम एका ओळीत होते आणि बाकी सगळे ‘मला अमुक सोय मिळाली तर तमुक काम मी वेळेत पूर्ण करू शकते’ अशा स्वरूपाचे होते. मी ती वाक्ये थोडी बदलून वापरली आणि त्यांचा फार उपयोग झाला.

मात्र अशा कोणत्याही गटाची खरी पारख एका प्रसंगी होते. कोणी तरी म्हणते, ‘आता मला बरे वाटते आहे, गोळ्या बंद कराव्यात म्हणते.’ पुढची पाच मिनिटे गट कसा वागतो, यावर तो गट तारक आहे की धोकादायक, हे ठरते. आमच्या समन्वयक ताईंची पद्धत मला आदर्श वाटते. त्या आधी विचारतात, ‘बंद का करावेसे वाटते?’ आणि कारण पूर्ण ऐकून घेतात. कधी केस गळत असतात, कधी यकृताची भीती कोणी घातलेली असते, कधी दर काही आठवड्यांनी रक्त तपासण्याचाच कंटाळा आलेला असतो. मग ते कारण शब्दशः कागदावर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवायला त्या सांगतात आणि भेट लांब असेल तर त्याआधी फोन करायला लावतात. बरे वाटते आहे ते बहुधा औषधामुळेच, हेही स्पष्ट सांगितले जाते. स्वतःचा अनुभव सांगायला प्रत्येकाला मुभा आहे, पण दुसऱ्याच्या औषधाची मात्रा सुचवायला कोणालाही नाही.

या शिस्तीमागे ठोस कारणे आहेत. मेथोट्रेक्झेट हे औषध या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेवर परिणाम होऊन जिवावर बेतू शकते; म्हणून नव्या सदस्याला ‘तुमच्या गोळीचा वार कोणता?’ हे आवर्जून विचारले जाते. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवणेही धोक्याचे असते, कारण कॉर्टिसॉल हे स्टेरॉइडसारखेच संप्रेरक स्वतः तयार करण्याची शरीराची यंत्रणा तोवर मंदावलेली असते. एका बैठकीत पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांनी मालिशचे तेल आणि सोबत घ्यायच्या पुड्या यांची भलावण सुरू केली आणि त्या घेतल्यास बाकी औषधांची गरज उरत नाही, असे सांगितले. समन्वयकांनी त्यांना तिथेच, पण सभ्यपणे थांबवले आणि तेव्हापासून विक्रीशी संबंध असलेल्या कोणालाही बैठकीत बोलू द्यायचे नाही, असा नियम झाला. तेलाने आराम वाटतो का, यावर सदस्य आपसांत जरूर बोलतात. आजाराला आवर घालणाऱ्या औषधाची जागा ते घेते, असा दावा मात्र चालवून घेतला जात नाही. वेदना असह्य झालेल्या माणसाला अशा दाव्यांचा मोह पडणे अगदी स्वाभाविक आहे आणि म्हणूनच ही राखण मला फार मोलाची वाटते.

रुग्णांनीच रुग्णांना शिकवण्याच्या कल्पनेला संशोधनाचा आधार आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा एक स्वव्यवस्थापन अभ्यासक्रम उभा केला आणि तो चालवण्यासाठी डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे, त्यांत अनेक स्वतः संधिवाताचे रुग्ण, निवडली. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चार वर्षांनंतरही सहभागींची वेदना सरासरी 20 टक्क्यांनी आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या 40 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. मला अधिक लक्षणीय वाटते ते त्यांचे आधीचे निरीक्षण : व्यायाम आणि इतर सवयी किती बदलल्या, एवढ्यावरून हा फायदा पुरता उलगडत नव्हता, ‘आपण या आजाराला तोंड देऊ शकतो’ हा विश्वास किती वाढला, याच्याशी त्याचे नाते अधिक जवळचे होते. हे अभ्यासक्रम सर्व प्रकारच्या संधिवातांसाठी होते आणि सहभागींत झिजेच्या संधिवाताचे रुग्ण बरेच होते, त्यामुळे ते आकडे आमवाताला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. शिवाय गटात येऊन सीआरपी उतरत नाही आणि सांध्यांची हानी थांबत नाही. ते काम औषधांचे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत रुग्णांना रुग्णसंघटनांची माहिती करून द्यावी, असे डॉक्टरांना आणि परिचारिकांना सांगितले आहे. प्रत्यक्षात ती माहिती दवाखान्यात क्वचितच मिळते, हे खेदाने नोंदवावे लागते.

फोनवरचा सोबती ही या गटाची सर्वांत उत्तम सेवा आहे, असे मी निःसंशय म्हणेन. नवा रुग्ण आणि सोबती यांची जोडी लावताना वय, नोकरी, घरची परिस्थिती आणि चालू औषध पाहिले जाते. मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या एका तरुण सदस्येला त्याच टप्प्यातून गेलेली सोबतीण मिळाली. मेथोट्रेक्झेट आणि लेफ्लुनोमाइड ही औषधे गर्भासाठी घातक असल्याने दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोलून उपचार बदलावा लागतो, ही गोष्ट तिने सोबतिणीकडून वेळीच ऐकली. डॉक्टरांसमोर ती विषय काढायला संकोचत होती. काय विचारायचे, हे फोनवर दोघींनी मिळून ठरवले. सोबत्यांना दोन गोष्टी पक्क्या शिकवलेल्या असतात. ऐकलेले कोणाकडेही बोलायचे नाही, ही पहिली. कोणती लक्षणे ऐकली की धीर देत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचे, ही दुसरी : प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना आलेला ताप, नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला किंवा दम, तापासह एकच सांधा एकाएकी लाल आणि गरम होणे, डोळा लाल होऊन ठणकणे, मान दुखत असताना हातापायांत मुंग्या येणे किंवा ताकद जाणे. या आजारात नैराश्य सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळते आणि सोबत्याचा फोन समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यांना सांगितलेले असते. हा शेवटचा भाग आणखी पक्का करण्याची गरज आहे, कारण एक-दोन सोबती फार काळ एकट्याने ओझे वाहताना मी पाहिले आहेत.

घरच्यांचे सत्र ठीक आहे. वर्षातून अगदी मोजक्या वेळा होते आणि येतात तेही आधीपासून समजून घेणारेच. तरी ‘काल तर सगळे करत होतीस’ या वाक्याचे उत्तर दुसऱ्या रुग्णाच्या तोंडून ऐकल्यावर अनेकांना उमगते.

उणिवा आहेत आणि त्यांतल्या काही सहज दूर करण्याजोग्या आहेत. बैठक सकाळी ठेवणे ही यांतली मला सर्वांत न पटणारी गोष्ट, कारण आमचे सांधे सर्वांत जास्त आखडलेले असतात ते सकाळीच. आजार उसळलेल्या सदस्याला, म्हणजे ज्याला गटाची सर्वाधिक गरज असते त्यालाच, त्या वेळी पोहोचता येत नाही. खुर्च्या बुटक्या आणि बिनहाताच्या आहेत, त्यांवरून उठताना बोटांच्या पेरांवर भार द्यावा लागतो. पुरुष सदस्य थोडे आहेत आणि ते फार कमी बोलतात. झिजेच्या संधिवाताचे रुग्णही येतात. त्यांचे स्वागतच आहे, पण औषधांच्या चर्चेत त्यामुळे गोंधळ होतो आणि ते सत्र वेगळे असावे.

याहून नाजूक अडचण पहिल्या भेटीची आहे. नवा रुग्ण आत येतो आणि वाकड्या झालेल्या बोटांचे हात पाहून आपले भविष्य तेच, असे मनाशी धरून परत जातो; असे काही जण पुन्हा आलेच नाहीत. त्या हातांचा काळ वेगळा होता, हे त्याला दारातच सांगायला हवे. मेथोट्रेक्झेटला अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली ती 1988 साली आणि पहिले बायोलॉजिक (म्हणजे सजीव पेशींच्या साहाय्याने तयार केलेले) औषध, एटानरसेप्ट, 1998 साली. निदान लवकर करून, ठरावीक लक्ष्य गाठेपर्यंत औषध बदलत राहण्याची पद्धत तर त्यानंतरच रुळली. आज वेळेवर उपचार सुरू झालेल्या अनेकांच्या हातांवर आजाराची खूणही दिसत नाही आणि अशा सदस्याने पहिल्या भेटीत नव्या माणसाशेजारी बसावे, अशी सूचना मी समन्वयकांना केली आहे.

माझे मत विचाराल तर निदानानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत थेट बैठकीला न जाता फोनवरचा सोबती मागून घ्यावा आणि औषधांचा परिणाम दिसू लागल्यावर, साधारण दोन-तीन महिन्यांनी, बैठकीला जावे. दुसऱ्या कोणत्या गटात जाणार असाल तर आधी समन्वयकाला फोन करून तीन प्रश्न विचारा : बैठकीत काही विकले जाते का, बोललेले बाहेर जाऊ नये यासाठी काय नियम आहे आणि कोणी औषध सोडायचे म्हटले तर तुम्ही काय करता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अडखळत आले, तर दुसरा गट शोधा. नोकरी करणाऱ्या सदस्यांसाठी संध्याकाळची बैठक सुरू करण्याची मागणी आम्ही काही जणांनी लेखी दिली आहे. ती मान्य झाली की गटाबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार दूर होईल.