कॉर्डलेस ड्रिलवर बर्फाचा ऑगर : पूर्ण हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

गोठलेल्या तळ्यावर गळ टाकायला जाणाऱ्यांना माहितीय, मासे लागण्याआधीची अर्धी मेहनत भोक पाडण्यात जाते. माझ्याकडे आधी हाताने फिरवायचा ऑगर होता, म्हणजे सुताराचं गिरमिट असतं ना तेच पण मोठ्ठं. दादाकडे पेट्रोलचा आहे, तो दणकट आहे पण जड, शिवाय त्याचा आवाज आणि धूर, आणि थंडीत दोरी ओढून ओढून खांदा जातो ते वेगळंच. म्हणून मी यंदा घरातलं कॉर्डलेस ड्रिल घेतलं, त्याला लावायचा ६ इंची (म्हणजे ६ इंच रुंद भोक पाडणारा) ऑगर घेतला आणि जवळजवळ ४ महिने फक्त हाच सेट वापरला. घेतल्या घेतल्या लिहिणार होते पण बरं झालं नाही लिहिलं, कारण पहिल्या महिन्यातलं माझं मत आणि आत्ताचं मत यात खूप फरक पडलाय.

पहिल्या महिन्यात मला ठामपणे वाटत होतं की ड्रिल कमी पडतंय. अडकतंय, मधेच बंद पडतंय, बॅटरी भराभर उतरतेय. आता सीझन संपल्यावर सांगते, ड्रिलचा दोष यात फार थोडा होता. चुकीचा गियर, गारठलेली बॅटरी आणि बोथट ब्लेड, या तिघांचं खापर मी ड्रिलवर फोडत होते.

ड्रिल १८ व्होल्टचं आहे, ब्रशलेस मोटर (आत घासणारे कार्बनचे ब्रश नसलेली), टॉर्क म्हणजे फिरवायची ताकद ८० न्यूटन मीटर, चक म्हणजे ऑगरचा दांडा पकडणारं तोंड १३ मिमीचं, धातूचं. (कुठे २० व्होल्ट मॅक्स लिहिलेलं दिसलं तर जास्त ताकद आहे समजून पैसे घालवू नका, आत तेच ५ सेल एकामागे एक जोडलेले असतात, फुल चार्जला प्रत्येकी साधारण ४ व्होल्ट म्हणून २०, आणि सरासरी ३.६ धरले की १८.) व्होल्टपेक्षा टॉर्क बघा, ६ इंची ऑगरला साधारण ६० न्यूटन मीटरच्या खालचं ड्रिल घेऊच नका असं माझं मत झालंय, आणि ब्रशलेस पाहिजेच. दादाने एकदा हौसेने त्याचं जुनं ब्रशवालं ड्रिल माझ्या ऑगरला लावलं, पाचव्या की सहाव्या भोकाला आतून जळका वास यायला लागला, तिथेच थांबवलं.

आता गियर. ड्रिलच्या डोक्यावर १ आणि २ असं बटण असतं, ते १ वरच ठेवायचं. २ वर वेग चौपट मिळतो पण टॉर्क राहत नाही, मी सुरुवातीला लवकर होईल म्हणून २ वर ठेवून ट्रिगर अर्धा दाबून हळूहळू चालवायचे आणि हेच सगळ्यात वाईट, कारण मोटर हळू फिरते म्हणजे तिला जोडलेला पंखाही हळू फिरतो, करंट मात्र भरपूर ओढला जातो, मग बाहेर उणे १५ असलं तरी आत मोटर तापते. १ नंबरवर ट्रिगर पूर्ण दाबा आणि ऑगरला त्याच्या वजनाने उतरू द्या, वरून दाब द्यायचा नाही. हॅमरचं चिन्ह असेल तर तो मोड चुकूनही लावू नका, बर्फाला ठोके लागत नाहीत, नुसती ब्लेडची वाट लागते. क्लचची रिंगही (ठरावीक जोरापुढे फिरणं सोडून देतो तो क्लच) ड्रिलच्या चिन्हावर ठेवा. मनगट वाचेल म्हणून मी क्लच आकड्यावर ठेवून पाहिला होता, तो कापायच्या आधीच कटकट कटकट करत सुटतो.

मनगटावरून मुख्य मुद्द्यावर येते. बाजूचा हँडल! ड्रिलच्या खोक्यात तो असतो आणि बरेच जण तो कपाटात टाकून देतात. मीही दुसऱ्याच आठवड्यात घाईत तो न लावता गेले. ऑगर खालच्या टोकाला बर्फात फसला, ड्रिल माझ्या हातात गर्रकन फिरलं आणि उजवं मनगट असं मुरगळलं की पुढचे १२ दिवस मला साधं बरणीचं झाकण उघडता येत नव्हतं. हिशोब करून बघा, ८० न्यूटन मीटर म्हणजे मध्यापासून २० सेंटीमीटरवर हात असेल तर अडकल्या क्षणी जवळपास ४० किलोचा झटका. माझं वजन ५२ आहे. तोच हात ४० सेंटीमीटरवर असेल तर झटका निम्मा. म्हणून हँडल लांबातला लांब घ्या, घट्ट आवळा, कोपर अंगाला टेकवून उभं राहा. काही ड्रिलमध्ये अचानक फिरलं की आपोआप बंद होणारा सेन्सर असतो, माझ्या ड्रिलला नाही, पुढचं घेईन तेव्हा तो बघूनच घेईन. आणि मफलर, लोंबणाऱ्या दोऱ्या, मोकळे केस सगळं आत खोचून मगच ट्रिगरला हात लावा.

झटका बसतो तो बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरला. बर्फाची खालची बाजू फुटते, कडा वेडीवाकडी राहते आणि ब्लेड तिच्यात अडकतं. पाणी वर यायला लागलं की आपण हुरूप येऊन दाबतो, नेमकं तेच करायचं नाही, वेग तोच ठेवून ऑगर किंचित उचलून धरायचा, तो अलगद पार जातो. पार गेल्यावर पेट्रोलवाले ऑगर फिरवत फिरवत वर-खाली करून सगळा लगदा उपसून काढतात, ड्रिलला ते झेपत नाही आणि पाणी उडून चकमध्ये जातं ते वेगळं. मी बंद करून सरळ वर उचलते आणि उरलेला भुगा झाऱ्याने काढते, मिनिटभराचं काम आहे.

चकची गोष्ट सांगायलाच हवी. जानेवारीत एकदा ऑगर अडकला म्हणून मी ड्रिल उलटं फिरवलं. साधा विचार आहे, सुलट अडकलंय तर उलट सुटेल. पण अडकलेल्या ऑगरवर उलट जोर आला की चकचे जबडे सैल होतात, ते झाले, आणि ऑगर सुटून गळ्ळकन खाली गेला. वाचला तो फक्त वरच्या टोकाला असलेल्या प्लेटमुळे, भोकापेक्षा मोठी गोल चकती असते ती, ती काठावर अडकली. ती नसती तर ऑगर तळाशी गेला असता, कारण माझा धातूचा आहे. पंख (दांड्याभोवतीची गोल गोल वळणं) नायलॉनचे असलेले काही ऑगर तरंगतात असं बघून घेता येतं, पण मी म्हणेन चकती पाहिजेच. तेव्हापासून अडकलं की ड्रिल बंद, आणि सगळा सेट हाताने अर्धा फेरा मागे. शिवाय ऑगरच्या दांड्याला सपाट बाजू असतात, चकचे तीनही जबडे त्या सपाट भागावर बसलेत ना हे बघून आवळायचं, आणि हातमोजे काढून आवळायचं, जाड मोज्यात घट्ट झाल्यासारखं वाटतं पण झालेलं नसतं. दर चार-पाच भोकांनी परत एकदा आवळते.

बॅटरीबद्दल बरीच विचारणा होते. माझ्याकडे २ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते) एक आणि ५ एएचच्या दोन आहेत. २ वाली इथे बिनकामाची आहे, नुसती लवकर संपते म्हणून नाही, तर तिच्यात सेलची एकच रांग असते, सगळा करंट त्या ५ सेलमधून ओढला जातो, व्होल्टेज एकदम बसतं आणि ड्रिल कट होतं. ५ वालीत दोन रांगा, भार वाटला जातो. मी २५-३० सेंटीमीटर बर्फात एका ५ एएचवर पंचविसेक भोकं पाडते, हवा उणे ५ च्या आसपास असेल तर. उणे २० ला तीच बॅटरी उघड्यावर ठेवलेली असेल तर पंधरासुद्धा होत नाहीत. थंडीने बॅटरी मेली असं नसतं, आतला विरोध वाढतो म्हणून ती देऊ शकत नाही, गरम केली की राहिलेला चार्ज परत मिळतो. म्हणून दोन्ही बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाशी, भोक पाडायच्या वेळी लावायची, झालं की परत खिशात. एवढ्या एका सवयीने माझी भोकं जवळपास दीडपट झाली.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, गार बॅटरी आणल्या आणल्या चार्जरला लावू नका. शून्याच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आत लिथियमचा धातू साचतो, ते नुकसान परत भरून येत नाही आणि धोकाही असतो. दोन-तीन तास घरात राहू द्या मग लावा. ड्रिलसुद्धा बाहेरून आणल्यावर बॅगेतच राहू द्यायचं, लगेच उघडलं तर आतबाहेर दव धरतं आणि पुढच्या वेळी तेच पाणी गियरमध्ये गोठतं. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना मी दहा-पंधरा सेकंद रिकामं फिरवते, ग्रीस घट्ट झालेलं असतं ते जरा मोकळं होतं.

पण यातलं सगळं करूनही ऑगर कापत नसेल तर आधी ब्लेड बघा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला माझं प्रत्येक भोक मिनिट-मिनिट खात होतं, मी नवीन ड्रिल बघायला लागले होते. दादा म्हणाला, अगं आधी ब्लेड तर बदल. बदललं, आणि तेच ड्रिल, तीच बॅटरी, ३० सेंटीमीटर बर्फ बारा-पंधरा सेकंदात पार, कीस कसा लांब लांब सोलून वर येत होता, आधी नुसतं पीठ यायचं. पीठ यायला लागलं की समजायचं धार गेली. माझी धार गेली ती काठाजवळच्या वाळू मिसळलेल्या बर्फात भोक पाडल्यामुळे, एक भोक पुरलं त्याला. ब्लेडवर बर्फ चिकटला तर ऑगर आपटून झाडू नका, ब्लेडचा कोन जरासा हलला तरी ते कापायचं सोडून घसरत राहतं. मी थर्मासमधलं गरम पाणी थोडं ओतते, पुसते आणि कव्हर घालते.

सरळ धारेची ब्लेडं जुनं गोठलेलं भोक परत उघडायला वापरू नका, कडेला चावतात आणि अडकतात, माझे सगळ्यात वाईट झटके तिथलेच आहेत. त्याला दातेरी ब्लेड येतं. नाहीतर पहार आहेच, नाहीतर चार हात बाजूला नवीन भोक पाडा, ड्रिलने ते जास्त सोपं.

साइजबद्दल. ८ इंची घेऊ का असं खूप जण विचारतात. ऐकायला २ इंचच जास्त वाटतं, पण ३० सेंटीमीटर जाडीत ६ इंची भोकातून ५ किलो बर्फ निघतो आणि ८ इंचीतून जवळपास ९ किलो. तेवढंच जास्त काम ड्रिलला, बॅटरीला आणि तुमच्या मनगटाला. मी पर्चसारखे छोटे मासे पकडते, मला ६ पुरतं. पाइकसारखा मोठा मासा ६ इंचातून काढताना जीव वर-खाली होतो हे खरं, ज्यांना तेच मासे धरायचेत त्यांनी ८ घ्यावा, पण मग १०० न्यूटन मीटरच्या पुढचं ड्रिल किंवा ड्रिल प्लेट घ्यावी, तिच्यात ड्रिल आवळून बसवतात आणि दोन्ही हातांनी रुंद दांडा धरता येतो. बर्फ ६० सेंटीमीटरच्या वर गेला की माझा सेट धापा टाकायला लागतो, पंखांवर एवढा भुगा भरतो की तो उचलण्यातच सगळी ताकद जाते. अर्ध्यावर एकदा बाहेर काढून झटकला की निभतं, पण जिथे हिवाळाभर मीटरभर बर्फ असतो तिथे ड्रिलच्या नादी लागू नका.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मासे पकडण्याबद्दलची नाहीच. हाताने फिरवायचे तेव्हा भोक म्हणजे एवढी मेहनत, की एकदा आत गेलं की वाटेत जाडी तपासायचा कंटाळा यायचा. आता पहार मारत पुढे जाते आणि दर पंधरा-वीस पावलांवर एक भोक पाडून मोजते. चालण्यासाठी पारदर्शक घट्ट बर्फ किमान १० सेंटीमीटर लागतो, पांढरा दुधी बर्फ असेल तर दुप्पट धरायचा कारण तो निम्माच मजबूत असतो. डिसेंबरच्या शेवटी एका जागी १८ सेंटीमीटर होता आणि पुढच्याच भोकाला ७, वरून काहीही फरक दिसत नव्हता, बहुतेक खालून झरा असणार. तिथूनच मागे फिरले. जुना ऑगर असता तर ते दुसरं भोक मी पाडलंच नसतं.

आता ड्रिल पुसून ठेवलंय, बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर कपाटात आहेत, फुल चार्ज करून महिनोन्महिने ठेवायच्या नसतात. ब्लेडचे दोन जादा सेट आणि लांब हँडल घेतलाय. दादाचा पेट्रोलचा ऑगर यंदा दोनदाच बाहेर निघाला, त्यातही एकदा सुरू झाला नाही.