सक्रिय कार्बन की झिओलाइट?
पाण्यात रंग, कीटकनाशकं किंवा वास असेल तर फार विचार करू नका, सक्रिय कार्बनच, म्हणजे बारीक छिद्रांनी भरलेला कोळसाच घ्या. त्याच्या एका ग्रॅममध्ये साधारण 500 ते 1500 चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो आणि सेंद्रिय रेणू त्याला चिकटतात. अमोनियम (सांडपाण्यातला नायट्रोजन असलेला आयन, म्हणजे विद्युतभारित कण) मात्र त्याच्या हाती फारसा लागत नाही.

तिथे झिओलाइट हे सच्छिद्र खनिज लागतं. त्याच्या जाळीत सोडियमसारखे आयन सैलसर बसलेले असतात. अमोनियम आला की ते जागा सोडतात. भरलेलं झिओलाइट मिठाच्या पाण्याने धुतलं की पुन्हा कामाला तयार, आणि सुटलेल्या अमोनियमपासून खतही करता येतं. 2011 च्या अपघातानंतर जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या किरणोत्सारी पाण्यातलं सीझियम पकडायलाही झिओलाइटच वापरलं. (ते अर्थातच कोणी धुऊन परत वापरत नाही.)

कार्बनचं पुनरुज्जीवन खर्चिक: भट्टीत 800 अंशांच्या आसपास तापवायचं, दर फेरीत थोडा माल जळून जातो आणि पकडलेला रेणूही नष्ट होतो. अपवाद सोन्याचा. खाणीतल्या सायनाइडच्या द्रावातून कार्बन सोनं उचलतो आणि गरम अल्कली द्रावात ते सोडूनही देतो.

सांडपाण्यातून नायट्रोजन परत हवा असेल, तर माझं मत झिओलाइटला. फक्त पाणी खारट नको. सोडियमच्या गर्दीत अमोनियमला जागा मिळत नाही.