२८ लिटरच्या ओटीजीत बेबिंका होते का?

नाताळ जवळ आला की पणजी-मडगावच्या इलेक्ट्रिक दुकानांत ओटीजीचे (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे विजेची छोटी भट्टी) खोके दारापर्यंत रचलेले दिसतात आणि बेकिंगचे वेड नुकते लागलेली कॉलेजची मुले त्यांच्याभोवती घुटमळतात. हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी. एखाद्या कंपनीचा नव्हे, तर २८ लिटर, १५००-१६०० वॅट, वर-खाली तापणाऱ्या कांड्या आणि २५० डिग्रीपर्यंत डायल असलेल्या नेहमीच्या ओटीजीचा. आधी निकाल सांगतो: बोलिन्या (नारळ-रव्याची बिस्किटे), बाथ (रवा-नारळाचा केक), नानखटाई झकास. बेबिंका, म्हणजे बलक आणि नारळाच्या दुधाची सात थरांची गोव्याची मिठाई, होते, पण एका अटीवर. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोईचे, म्हणजे त्या पोकळ गोल पावाचे, मात्र नाव काढू नये. लाकडाच्या भट्टीची तापलेली जमीन आणि पोटात कोंडलेली ती उष्णता या पत्र्याच्या पेटीत आणायची कुठून?

अट अशी की, नुसती वरची कांडी तापवता आली पाहिजे. काही स्वस्त मॉडेलांत फक्त 'खालची' आणि 'दोन्ही' एवढेच पर्याय असतात. ते बेबिंकेच्या कामाचे नाहीत. २०२३ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेली ही आपली मिठाई मुळात वरच्या आचेवर शिजते. जुन्या घरांत भांड्याच्या झाकणावर सोडणांचे (नारळाच्या सालींचे) निखारे ठेवत ते त्यासाठीच. दोन्ही कांड्या चालू ठेवल्या तर तळचा थर सातही वेळा भाजला जातो, चामड्यासारखा होतो आणि तूप बाजूने सुटते. दुकानात वॅट आणि लिटर विचारण्याआधी हे बटण फिरवून बघावे.

माप १८ सेंटिमीटरच्या डब्याचे. दहा अंड्यांचे पिवळे बलक, ४०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम मैदा, दोन नारळांचे मिळून अर्धा लिटर दाट दूध, थरांसाठी २०० ग्रॅम तूप, अर्धे जायफळ, चिमूटभर मीठ. साखर कोमट नारळाच्या दुधात विरघळवायची आणि ते पूर्ण गार झाल्यावरच बलक घालायचे. घाई केली तर बलक शिजून गुठळ्या होतात. मग मैदा घालून मिश्रण गाळायचे आणि अर्धा तास ठेवायचे. हे साधारण लिटरभर होते, म्हणजे एका थराला जेमतेम १४० मिली. डबा जाड अॅल्युमिनियमचा, एकसंध घ्यावा. सुट्या तळाचा घेतला तर पातळ मिश्रण गळते आणि खालच्या कांडीवर जळून घरभर करपट वास सुटतो.

आता जिथे बहुतेकांचे बिनसते ते. ओटीजी दहा मिनिटे तापवून डब्यात चमचाभर तूप, मग पहिला थर. तेवढा एकच दोन्ही कांड्यांवर, १८० डिग्रीला पंधरा-वीस मिनिटे. दुसऱ्यापासून फक्त वरची कांडी. डायल १८० वरच ठेवला तर थर्मोस्टॅट मध्येच कांडी बंद करतो. आतली हवा गरम असते, पण लाल कांडी काळी पडलेली असते. थर मग शिजतो, रंग धरत नाही. कापल्यावर पट्टे दिसत नाहीत, नुसता पिवळट खरवस दिसतो. म्हणून डायल सरळ २५० वर न्यायचा आणि डबा कांडीपासून दहा-बारा सेंटिमीटर खाली ठेवायचा, म्हणजे कांडी बराच वेळ लाल राहते. दहा ते पंधरा मिनिटांत वर तपकिरी डाग पडतात. बोटाने हलके दाबून बघावे. मिश्रण बोटाला लागले नाही म्हणजे थर झाला. मग पुन्हा चमचाभर तूप, ते बुडबुडले की पळीच्या पाठीवरून हळू ओतलेला पुढचा थर. दर वेळी पातेल्यातले मिश्रण तळापासून ढवळायला विसरू नये. मैदा खाली बसतो, आणि मग आधीचे थर मऊ नि शेवटचा एकदम पिठूळ होतो. चौथ्या थरानंतर जाळी एक खाच खाली घ्यावी, कारण सात थरांत बेबिंका चार सेंटिमीटर वर चढते आणि शेवटचे दोन थर बघता बघता काळे होतात.

तुपात हात आखडू नये आणि सैलही सोडू नये. कमी पडले तर थर एकमेकांना चिकटून गोळा होतो, जास्त झाले तर कापताना थर घसरतात. पंखा असलेल्या मॉडेलात तो बंद ठेवावा, त्याने पातळ थरावर लाटा उठतात. सगळे मिळून दोन तास जातात. वरचीच कांडी चालू असल्याने वीज मात्र दीडेक युनिटच लागते. अर्धवट लक्ष देऊन हे काम होत नाही, इतके खरे.

डायलवर विश्वास ठेवू नये, हा या पेट्यांचा मोठा दोष. आतले तापमान पंधरा-वीस डिग्रीने इकडेतिकडे असणे अगदी नेहमीचे. जाळीवर ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर सोबतच घ्यावा. केक मध्ये फुटून डोंगर झाला तर ओव्हन जास्त तापतो आहे. तासभर होऊनही मधे ओला राहिला तर कमी.

बोलिन्यांना एवढे नखरे नाहीत. २०० ग्रॅम साखरेचा एकतारी पाक, त्यात एका नारळाचा चव (खवलेले खोबरे) परतून, खाली उतरवल्यावर २५० ग्रॅम बारीक रवा आणि थोडे लोणी. हे रात्रभर झाकून ठेवायचेच. रवा फुगला नाही तर बोलिनी दाताखाली कचकचते आणि कडेने तडकते. सकाळी दोन बलक, एक पांढरा, वेलची. गोळे चपटे करून सुरीने आडव्या-उभ्या रेघा, १८० डिग्री, वीस-पंचवीस मिनिटे. सोबत मिळणारा ट्रे पातळ असतो आणि तळ करपतो. एकात एक असे दोन ट्रे ठेवले की प्रश्न मिटतो. एका वेळी एकच घाणा निघतो. वाटायला शंभर करायच्या असतील तर दुपार गेली म्हणून समजा.

चवथीला (गणेश चतुर्थीला) अंडे चालत नाही, तेव्हा नानखटाई: १५० ग्रॅम मैदा, ५० बेसन, २५ रवा, १०० पिठीसाखर, १२० घट्ट तूप, १६० डिग्रीला अठरा-वीस मिनिटे. तूप पातळ असेल तर ती ट्रेभर पसरते. पुष्कळ घरांत अंड्याचे डबे वेगळे ठेवतात. तसा ट्रेही एक वेगळा घ्यावा. बिनअंड्याची बेबिंका मात्र करू नये. बलकाशिवाय थर धरत नाही, आणि जे होते त्याला दुसरे नाव द्यावे. नेवऱ्याही (करंज्या) ओव्हनमध्ये भाजता येतात, पण त्या बिस्किटासारख्या लागतात. नेवरी तळलेलीच बरी. दोदोल (गूळ-नारळाच्या दुधाची मिठाई) आणि पेराद (पेरूची वडी) तर चुलीवरचेच काम, त्यासाठी ओटीजी घ्यायचे कारण नाही.

जोडणीचे दोन शब्द. १५०० वॅट ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर लावू नये, १६ अँपिअरचा मोठा पॉइंट हवा. स्वयंपाकघरात तो एकच असेल तर फ्रिज की ओव्हन हे भांडण होते. एक्स्टेंशन बोर्ड हा उपाय नव्हे. मागे आणि बाजूंना वीतभर जागा सोडावी.

आपल्या पावसात जाळीला गंज चढायला दोन महिने पुरतात. वापर झाल्यावर जाळी, ट्रे कोरडे पुसून बाहेर ठेवावेत आणि दार थोडे उघडे. चवथीतली नानखटाई दमट हवेने मऊ पडली तर १२० डिग्रीला आठ-दहा मिनिटे, मग पूर्ण गार करूनच डब्यात. कोमट भरली की पुन्हा तेच.

बेबिंका डब्यातच गार होऊ द्यावी, उपडी काढून रात्रभर ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पातळ सुरीने, दर कापाला सुरी पुसत कापावी. पट्टे मोजता आले तर ओटीजीचे पैसे वसूल.