ट्विन ब्लॉक की हर्बस्ट?

वरचे दात 7-8 मिमी पुढे, हनुवटी मागे, वय 11 ते 13. अशा मुलाला खालचा जबडा पुढे आणणारी ही दोन्ही उपकरणं चालतात.

ट्विन ब्लॉक म्हणजे ॲक्रिलिकच्या दोन प्लेट. त्यांचे ठोकळे साधारण 70 अंशांच्या उतारावर एकमेकांना भिडतात, त्यामुळे तोंड मिटताना खालचा जबडा पुढे घ्यावाच लागतो. प्लेट जेवतानाही घालायची, फक्त ब्रश करताना काढायची. जबडा पुढे आला की वरच्या दातांची कमान अरुंद पडते, म्हणून वरच्या प्लेटमधला स्क्रू ठरलेल्या दिवशी पाव फेरा (सुमारे 0.25 मिमी) फिरवायचा. चावा खोल असेल (वरचे पुढचे दात खालच्यांना फार झाकत असतील) तर वरचा ठोकळा खालून थोडाथोडा घासतात, म्हणजे खालच्या दाढा वर यायला जागा मिळते. चावा उघडा असेल (तोंड मिटल्यावरही पुढच्या दातांत फट राहत असेल) तर मात्र घासायचं नाही. हीच चूक महागात पडते.

हर्बस्ट दातांवर पक्का बसवतात: वरच्या दाढेला नळी, खाली तिच्यात सरकणारा दांडा; तो जबडा पुढे धरतो. दांडा लांब राहिला तर मागे गालाला टोचतो, आखूड झाला तर मोठी जांभई देताना नळीतून निसटतो. दातांभोवतीच्या पट्ट्या सुटतात, स्क्रू ढिले होतात. दुरुस्तीच्या फेऱ्या धरूनच चाला.

ब्रिटनमधल्या 2003 च्या चाचणीत ट्विन ब्लॉकवाल्या 33.6 टक्के मुलांनी उपचार अर्धवट सोडले, हर्बस्टवाल्या 12.9 टक्के.

जबड्याच्या हाडाची जास्तीची वाढ दोन्हींत जेमतेम 1-2 मिमी. बाकी काम दात सरकून होतं. खालचे पुढचे दात आधीच बाहेर झुकलेले असतील, तर दोन्ही जपूनच. प्लेट डब्यातच ठेवणाऱ्या मुलाला सरळ हर्बस्ट लावा.