व्हॅलग्रिंड: भट्टीशेजारच्या लायब्ररीची गळती सापडली ती अशी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी सी भाषेत लिहिलेली एक छोटी लायब्ररी चालते. इंडक्शन भट्टीच्या तापमान कंट्रोलरकडून मॉडबस आरटीयूची (यंत्रांनी तारेवरून बोलायची एक पद्धत) फ्रेम, म्हणजे बाइट्सचा एक संदेश, घ्यायची, सीआरसी (संदेश वाटेत बिघडला का ते सांगणारा पडताळा-आकडा) तपासायचा आणि आकडा डिस्प्लेला द्यायचा, एवढंच तिचं काम. टेस्ट सगळ्या पास होत्या. तरी भट्टीवरच्या मामांचा फोन आला, "सर, तिसऱ्या दिवशी आकडा हलायचा बंद होतोय बघा. बंद करून चालू केलं की परत येतोय."

त्या रात्री टिळकवाडीतल्या खोलीवर बसून व्हॅलग्रिंड लावलं. (उच्चार ‘ग्रिंड’ असाच, ‘ग्राइंड’ नव्हे.) प्रोग्रॅम चालवून त्यातल्या मेमरीच्या चुका शोधणारं, जीपीएल या मुक्त लायसन्सचं, फुकट, २००२ पासूनचं टूल. डीबग माहितीसकट कंपाइल केलं की त्यातलं मेमचेक, म्हणजे मेमरी तपासणारा भाग, चुकीची थेट फाइल आणि ओळ दाखवतं. पण पहिल्या फेरीत काहीच निघालं नाही. तासाभरानं उमगलं, टेस्ट ज्या वाटेनं गेलीच नाही तिथलं हे काय सांगणार? माझ्या टेस्टमधल्या सगळ्या फ्रेम धडधाकट होत्या. प्रत्यक्षात भट्टी पेटली की केबलमध्ये नॉइज शिरतो आणि सीआरसी जुळत नाही.

मुद्दाम एक बाइट बिघडवून फ्रेम दिली. लगेच ओळ उमटली: ‘डेफिनेटली लॉस्ट’ (नक्की गळालेली मेमरी), २५६ बाइट्स. सीआरसी चुकला की मी मॅलॉकनं मागून घेतलेला बफर (मेमरीचा तुकडा) फ्री न करता, म्हणजे परत न देताच, फंक्शनमधून परतत होतो. सेकंदाला एक खराब फ्रेम धरली तरी दिवसाला २२ एमबी. ६४ एमबी मेमरीचा बोर्ड तिसऱ्या दिवशी बंद पडणारच.

अर्धवट फ्रेम दिल्यावर दुसरी चूक निघाली: न भरलेले बाइट्स मी सीआरसीच्या तुलनेत वापरत होतो. मेमचेक बोट ठेवतं ते तुलनेच्या ओळीवर, कारण तसली किंमत नुसती कॉपी झाली तर ते गप्प राहतं. ‘ट्रॅक-ओरिजिन्स’ हा पर्याय चालू केल्यावर ती मेमरी मुळात कुठून आली तेही कळलं. हा पर्याय मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

वेग मात्र मार खातो. ४ सेकंदांच्या टेस्टना दीड मिनिट लागतं. शिवाय स्टॅकवरच्या (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतल्या) ॲरेबाहेर लिहिलेलं मेमचेकला दिसत नाही. आठ बाइट्सच्या लोकल ॲरेत मी नववा लिहिला होता, तो ॲड्रेससॅनिटायझरनं (कंपाइल करतानाच तपासणी घालणारं दुसरं टूल) पकडला. दोन्ही एकाच बिल्डवर चालत नाहीत, म्हणून मेकफाइलमध्ये (‘मेक’ या बिल्ड टूलच्या सूचनांची फाइल) वेगवेगळी टार्गेट ठेवलीत. विंडोजवाल्यांना व्हॅलग्रिंड थेट चालणार नाही.

व्हॅलग्रिंडला माझे पाचपैकी साडेचार. फाउंड्रीतून रेकॉर्ड करून आणलेल्या खराब फ्रेम आता टेस्टच्या फोल्डरमध्ये आहेत. व्हॅलग्रिंडचे ‘लीक-चेक’ (गळतीची तपासणी) फुल आणि ‘एरर-एक्झिटकोड’ (चूक सापडली की परतणारा आकडा) १ ठेवलाय, त्यामुळे एक बफर जरी सुटला तरी मेक तिथंच थांबतं.