हॅमर्ली एआर-20: पहिली मॅच (स्पर्धेची) रायफल म्हणून कशी आहे?

10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तो पाहिला की नवख्याला वाटतं, सगळा खेळ रायफलीच्या किमतीचा आहे. तसं नाही. वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाऊ या कंपन्यांच्या वरच्या मॉडेलांसमोर एआर-20 चा ट्रिगर थोडा राकट वाटेल, पण सुरुवातीला छर्रे विखुरतात ते होल्डमुळे, म्हणजे रायफल धरण्याच्या पद्धतीमुळे. या रायफलीचे पैसे वसूल होतात ते तिचा बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) शरीराप्रमाणे बसवता येतात म्हणून.

तेच काम बहुतेक जण अर्धवट सोडतात. आधी बटची लांबी: बट कोपराच्या खोबणीत टेकवल्यावर बोटाचं पहिलं पेर सहज ट्रिगरवर आलं पाहिजे. मग चीकपीस. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. पीपसाइटच्या, म्हणजे मागच्या साइटच्या बारीक छिद्राच्या, मधोमध दिसत नसेल तर चीकपीस हलवा, मान वाकवू नका. वाकलेल्या मानेने दहा-बारा शॉटनंतर नजर धूसर होते आणि दोष उगाच साइटला लागतो. पुढच्या साइटची रिंग मोठी घ्या, 4 मिमी किंवा जास्त. लहान रिंगेत काळा गोळा थरथरताना जास्त दिसतो, मग शिकाऊ थांबून राहतो आणि शेवटी ट्रिगर हिसकतो.

साइट लावताना पाच शॉट टेकू देऊन मारा आणि एकेका छिद्रामागे न धावता पूर्ण ग्रुप (छिद्रांचा पुंजका) सरकवा. अनेक जर्मन साइट्सवरची अक्षरं छर्रा कुठे लागला ते सांगतात, कुठे न्यायचा ते नाही. शंका असेल तर साइटचं बटण चार क्लिक फिरवून एक शॉट मारून बघा.

स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीतून सुटण्याआधीच पिस्टनचा धक्का बसतो, त्यामुळे पकड जरा बदलली तरी ग्रुप हलतो. एआर-20 दाबाच्या हवेवर चालते, धक्का नगण्य. शिवाय ड्राय फायर करता येतं, म्हणजे घरी भिंतीसमोर हवा न वापरता ट्रिगरचा सराव. स्प्रिंगच्या रायफलीवर हे करू नये, छर्र्याविना पिस्टन आपटून खराब होतो.

हवेचा सिलिंडर 200 बार दाबाचा आहे. सावकाश भरा, घाईत भरलेली हवा तापते, काटा पूर्ण दिसतो आणि थंड झाल्यावर खाली उतरतो. जोडणीला तेल मुळीच लावू नका, दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. छर्रे सपाट डोक्याचे, साधारण 0.53 ग्रॅमचे. 4.49 ते 4.51 अशी मापं थोडी थोडी घेऊन आपल्या नळीवर तपासा, मगच खोकं घ्या. शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

वजन साधारण 4 किलो, तेव्हा बारीक चणीच्या मुलांना पहिले काही आठवडे रायफल टेकूवर ठेवूनच सराव करू द्या. नेमबाजीच्या खास जॅकेटची घाई नको.

जुनी घेत असाल तर आधी सिलिंडरवरची तारीख पाहा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेतल्या तपासणीत चालत नाही. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करून घ्या.