लो हॅम्प्टनचं मिलर फार्म: शेतकरी पाहुण्याला जरूर दाखवा

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, आल्बनीहून साधारण दीड तास, शेजारच्या व्हरमाँट राज्याच्या हद्दीला अगदी खेटून. आमचे आप्पा पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरून, म्हणजे बटाट्याच्या पट्ट्यातून, आलेत, मॉल बघून विटले होते. म्हटलं, चला, शेत दाखवते. कुणाचं शेत, ते गाडीतच सांगून टाकलं.

विल्यम मिलर हा एकोणिसाव्या शतकातला इथला शेतकरी, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले २३०० दिवस त्याने वर्षं म्हणून धरले, इ.स.पू. ४५७ पासून मोजले आणि १८४३ च्या सुमारास येशू परत येणार, जगाचा शेवट होणार, असं गावोगाव सांगत फिरला. पुढे अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. खुद्द मिलरने तो मानला तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता! आप्पांनी बोटांवर वजाबाकी केली. "शून्य साल नसतं, म्हणून एक वाढलं," म्हणाले. हिशोब त्यांना पटला, बाकीचं नाही.

घर पटकन बघून होतं. जवळच्या प्रार्थनाघरात मात्र थांबा. ते मिलरने १८४८ मध्ये बांधलं, म्हणजे भाकीत फसल्यावर, आणि त्याच्या स्वतःच्या चर्चने त्याला काढून टाकल्यावर. मला हेच सगळ्यात विलक्षण वाटलं. मागे सपाट खडक आहे. तिथे जमून लोकांनी आकाशाकडे डोळे लावले होते म्हणतात. खडक तसा साधाच.

खरी मजा गाइड बाईंची. पांढरे झगे घालून लोक छपरांवर चढले, ही निव्वळ थाप, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मग न्यू हॅम्पशरच्या लिओनार्ड हेस्टिंग्जची गोष्ट. जग संपणारच आहे तर बटाटा काढायचा कशाला, म्हणून त्याने पीक जमिनीतच ठेवलं. शेजारी काढून द्यायला तयार होते, तरी नाही म्हणाला. त्या साली शेजाऱ्यांचा काढलेला माल सडला आणि याचा जमिनीतला टिकला. वसंतात लोक बेण्यासाठी याच्याच दारात!

इथे आप्पा जागे झाले. जमीन कसली? पाऊस किती? काढलेला बटाटा साठवायला आरण लावत नव्हते का? मी भाषांतर करून दमले, बाई उत्तरं देऊन. शेवटी म्हणाले, "करपा रोग होता म्हणून तरला. थंडीनं जमीन गोठली असती तर पोरांना काय घातलं असतं? बासष्टला अष्टग्रही आली, आठ ग्रह एका राशीत म्हणून जग बुडणार म्हणत होते, तवा आमच्याकडं पण होमहवन झालं. पण रानातलं काम कुणी थांबवलं नाही."

हे बाईंना जमेल तसं सांगितलं. त्या खूप हसल्या.

जेवण घरूनच न्या. वाटेत एका ठिकाणी आम्ही थंडगार फ्राइज खाल्ले. लहान मुलं सोबत असतील तर दुसरीकडे जा. आणि निघण्याआधी फोन करून उघडं आहे का ते विचारा.